जर्मन नवरा, साताऱ्याची बायको आणि नागरिकत्वाची फाईल

हळदीच्या दिवशी आत्याने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता तू तिकडचीच झालीस की गं?" लग्न लागलं की पासपोर्टही बदलतो, अशी तिची समजूत होती. एके काळी ते खरंही होतं. १९५३ च्या मार्चअखेरपर्यंत जर्मन पुरुषाशी लग्न करणारी परदेशी बाई त्या लग्नानेच जर्मन व्हायची. आता तसं होत नाही. माझं लग्न फेब्रुवारी २०१८ मध्ये साताऱ्यात झालं आणि नागरिकत्वाची सनद हातात पडली ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधल्या साडेसहा वर्षांतलं एक वर्ष निव्वळ माझ्या चुकीमुळे गेलं. ती चूक कुठली, ते पुढे सविस्तर सांगते.

मी स्टुटगार्टपासून रेल्वेने अर्ध्या तासावर राहते. कोल्हापूर, कराड, नाशिककडच्या मुलींचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. मी वकील नाही. स्वतःच्या फाईलमागे धावताना आणि नंतर चार-पाच जणींच्या फायली भरून देताना जे शिकले, तेवढंच सांगते.

आधी मुख्य अट. जर्मन नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला नागरिकत्वाचा अर्ज करता येतो तो जर्मनीत कायदेशीरपणे तीन वर्षं राहिल्यावर आणि लग्नाला दोन वर्षं झाल्यावर. ती दोन वर्षं जोडीदार जर्मन नागरिक असायला हवा आणि दोघं एकत्र राहत असायला हवीत. इतरांना पाच वर्षं लागतात. "तीन वर्षांची सवलत बंद झाली म्हणे," असं हल्ली वरचेवर कानावर येतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द झाली ती वेगळी सवलत, नोकरीत आणि भाषेत विशेष प्रगती दाखवणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये आणलेली. लग्नाच्या वाटेची तीन वर्षं तशीच आहेत.

लग्नाचे कागद

नवरा ख्रिश्चन किंवा कुठलाच धर्म न मानणारा असेल, तर हिंदू विवाह कायदा लागू होत नाही. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली रजिस्टर लग्न करावं लागतं. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं. मग नोटीस द्यायची, ती तीस दिवस लागते, आणि नंतर तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. घरचा मांडव, अक्षता, सप्तपदी हवं ते करा, आम्हीही केलं. पण जर्मन कार्यालय बघणार तो विवाह अधिकाऱ्याचा दाखला.

नवऱ्याला त्याच्या गावच्या नोंदणी कार्यालयातून, ज्याला ते श्टांडेसाम्ट म्हणतात, 'विवाहास हरकत नाही' असं प्रमाणपत्र आणावं लागतं. ते सहाच महिने चालतं. त्यासाठी तुमचेही कागद तिकडे लागतात, म्हणजे जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला. इथेच माझं पहिलं घोडं अडलं. माझ्या जन्माच्या नोंदीत ग्रामपंचायतीत नावाच्या रकान्यात काहीच नव्हतं. नुसतं 'स्त्री', आईबापाचं नाव आणि तारीख. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आजवर सगळं निभावलं होतं, त्यामुळे कधी कुणी बघितलंच नाही. नाव चढवून घ्यायला शाळेचा दाखला, आधार, बाबांचं शपथपत्र आणि तालुक्याला सात-आठ हेलपाटे लागले. तुमचं लग्न अजून ठरायचं असेल तरी उद्याच्या उद्या आपला जन्मदाखला काढून वाचा. महाराष्ट्रातला आताचा दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेला असतो. जुना फक्त मराठीतला हातात असेल तर नवा काढून घ्या. मराठीवरून थेट जर्मन करणारा, न्यायालयाची शपथ घेतलेला भाषांतरकार जर्मनीत शोधणं फार अवघड जातं. इंग्रजीवरून करणारे पुष्कळ आहेत.

आता पैसे वाचवणारी गोष्ट. कुणीतरी एजंट सांगेल की दाखल्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला सरकारी शिक्का, करून आणा. भारत त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण भारताचं अपॉस्टिल जर्मनी मानत नाही. त्याऐवजी जर्मन वकिलात आपल्या विश्वासातल्या वकिलाकडून कागदांची प्रत्यक्ष तपासणी करवून घेते. तो खर्च आपण भरायचा आणि त्यात महिने जातात. आमच्याकडे आलेला माणूस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन रजिस्टर बघून आला, मग गावात येऊन शेजारच्या काकूंना विचारून गेला. काकू घाबरल्या, त्यांना वाटलं काहीतरी भानगड आहे. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, आणि जे खरं आहे तेच बोलायला सांगा.

काही जण डेन्मार्कमध्ये जाऊन लग्न करतात. तिथे कागद कमी लागतात, आणि डॅनिश दाखल्यावरचं अपॉस्टिल जर्मनीत चालतं. पण डेन्मार्कला पोचायलाच आधी व्हिसा हवा. त्यामुळे मुलगी भारतात असेल तर ही वाट फारशी उपयोगाची नाही.

व्हिसासाठी ए-वन पातळीचं, म्हणजे अगदी सुरुवातीचं, जर्मन यावं लागतं. मी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात शिकले. आठवड्याला साताऱ्याहून एसटीने जायचे. ते कष्ट वाया गेले नाहीत, कारण पुढची सगळी इमारत त्याच पायावर उभी राहिली.

नाव

सगळ्यात जास्त मनस्ताप नावामुळे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

आपलं नाव तीन भागांचं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लग्न झालं की मधलं बदलून नवऱ्याचं आणि शेवटचं बदलून सासरचं. आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दहावीच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी असतं, तेही आपल्याला चालतं. जर्मन कार्यालयाला मात्र माणसाचं नाव म्हणजे जन्मापासून चालत आलेली एक सलग नोंद वाटते. त्यातलं एक अक्षर हललं तरी ते कागद मागतात.

भारतीय पासपोर्टात 'दिलेलं नाव' या रकान्यात माझं आणि बाबांचं अशी दोन्ही नावं होती. जर्मनीत आल्यावर दोन्ही माझीच पहिली नावं म्हणून नोंदली गेली. इथपर्यंत ठीक होतं. मग २०२१ मध्ये पासपोर्ट नूतनीकरणाला आला. एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की आता लग्न झालंय, तर बाबांचं काढून नवऱ्याचं नाव मध्ये घाला, म्हणजे 'सगळं एकसारखं' होईल. मी घातलं. परिणाम असा झाला की निवासाच्या कार्डावर एक नाव, पासपोर्टात दुसरं, जन्मदाखल्यात तिसरं. त्या वर्षाच्या अखेरीस माझी तीन वर्षं पूर्ण झाली होती, पण अर्ज घेणाऱ्या बाईंनी फाईल उघडली आणि शांतपणे बंद केली. तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र मी दिलं, पण ते पुरलं नाही. शेवटी पासपोर्ट पुन्हा जुन्या नावाने करून घेतला. एक वर्ष गेलं.

म्हणून कळकळीने सांगते: नागरिकत्व मिळेपर्यंत भारतीय कागदांतल्या नावाला हात लावू नका. सासरचं आडनाव घ्यायचंच असेल तर लग्नाच्या वेळी एकदाच ठरवा, जर्मन नोंदणी कार्यालयात विचारून ठरवा, आणि मग सगळीकडे तेच ठेवा. सनद मिळाल्यावर जर्मन कायदा स्वतःच एक सोय देतो. श्टांडेसाम्टमध्ये एक निवेदन करून वडिलांचं नाव वगळता येतं आणि नुसतं नाव-आडनाव ठेवता येतं. माझ्या मैत्रिणीने तसं केलं आणि तिला ते सोयीचं झालं. मी बाबांचं नाव ठेवलं. दवाखान्यात नर्स मला दोन्ही नावांनी हाक मारते, तेव्हा आजही बरं वाटतं.

भाषा आणि तेहतीस प्रश्न

नागरिकत्वासाठी बी-वन पातळी लागते, म्हणजे रोजचे व्यवहार जमण्याइतकं जर्मन. वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं. परदेशातून आलेल्यांसाठीच्या सरकारी एकात्मता वर्गात भाषेचे सहाशे तास आणि देशाची ओळख करून देणारे शंभर तास असतात. तो वर्ग चुकवू नका. घरी नवऱ्याशी इंग्रजीत बोलून संसार चालतो, पण बी-वन येत नाही. आमच्याकडे मी जेवणाच्या टेबलावर फक्त जर्मन असा नियम केला. पहिले दोन महिने टेबलावर फार शांतता होती, नंतर सुटलं. लिहिण्याच्या भागात बहुतेक मुली अडखळतात. घरमालकाला, शाळेला, डॉक्टरांना रोज एक छोटं पत्र लिहायचा सराव करा.

दुसरी परीक्षा नागरिकत्वाची. एकूण ३१० प्रश्नांचा संच जाहीर आहे आणि केंद्रीय स्थलांतर कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यातले ३०० देशाबद्दल, दहा तुमच्या राज्याबद्दल. परीक्षेत ३३ प्रश्न येतात, तीस सामायिक आणि तीन राज्याचे. वेळ एक तास, शुल्क २५ युरो. एकात्मता वर्गाच्या शेवटी हीच परीक्षा होते आणि तिथे १५ बरोबर आले तरी वर्ग पास होतो. नागरिकत्वाला मात्र १७ लागतात. त्यामुळे पंधरावर खूश होऊन घरी जाऊ नका. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या राज्यचिन्हावर तीन सिंह आहेत, हे मी आमच्या चार सिंहांच्या शेजारी ठेवून पाठ केलं. आणखी एक गोष्ट मनात राहिली. जर्मनीचा मूलभूत कायदा, म्हणजे त्यांचं संविधान, मे १९४९ मध्ये आला आणि आपल्या संविधान सभेने संविधान स्वीकारलं ते त्याच वर्षी, २६ नोव्हेंबरला. दोन्हींत माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल काय लिहिलंय ते शेजारी ठेवून वाचलं, तेव्हा परीक्षेचा अभ्यास परीक्षेपुरता उरला नाही.

जून २०२४ पासून अर्जदाराला आणखी एक कबुली द्यावी लागते. नाझी राजवटीच्या अत्याचारांबद्दल जर्मनीची ऐतिहासिक जबाबदारी आणि ज्यूंच्या जीवनाचं संरक्षण मान्य असल्याची. सही करायच्या आधी ते समजून घ्या. मी म्युनिकजवळच्या डाखाऊला, तिथली नाझींची जुनी छळछावणी बघायला, एक दिवस जाऊन आले होते. अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा मला उत्तर शोधावं लागलं नाही.

अर्ज

कागदांची यादी प्रत्येक कार्यालय आपापली देते, ती आधी मागून घ्या. साधारण हे लागतं: पासपोर्ट, निवासाचं कार्ड, जन्मदाखला आणि विवाहदाखला भाषांतरासह, नवऱ्याचं ओळखपत्र, राहत्या पत्त्याची नोंद, भाड्याचा करार, नोकरीचा करार, पगारपत्रकं, आरोग्य विमा, निवृत्तिवेतन विम्याचा उतारा, बी-वन आणि नागरिकत्व चाचणीचा दाखला, आणि स्वतःचं जीवनवृत्त. उत्पन्न दोघांचं मिळून धरतात, त्यामुळे तुमची नोकरी नसली तरी दार बंद होत नाही. मोठ्या माणसाला शुल्क २५५ युरो. मुलांचा प्रश्न बहुधा येतच नाही, कारण आई किंवा बाप जर्मन असेल तर मूल जन्मतःच जर्मन असतं.

माझा अर्ज २०२२ च्या नोव्हेंबरात गेला आणि तेवीस महिने लागले. मोठ्या शहरांत इतका वेळ लागणं नवीन नाही. तीन महिने काहीच हालचाल झाली नाही तर प्रशासकीय न्यायालयात 'निष्क्रियतेचा दावा' करता येतो. मी केला नाही. दर दोन-तीन महिन्यांनी एक नम्र पत्र पाठवलं आणि प्रत्येक पत्राची प्रत जपून ठेवली. या काळात घर बदललं, नोकरी बदलली, मूल झालं तर लगेच कळवायचं. खोटी माहिती दिली असेल तर दहा वर्षांपर्यंत नागरिकत्व काढून घेता येतं.

आणखी एक. आईवडील आजारी पडले म्हणून आपण गावी जातो आणि मुक्काम लांबतो. सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलात तर निवासाचा परवाना सहसा संपतो आणि सगळी मोजणी नव्याने सुरू होते. जास्त राहावं लागणार असेल तर निघण्याआधी परकीय नागरिक कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्या.

फाईल आपल्या कपाटात

हे मी फोनवर प्रत्येकीला सांगते. लग्नामुळे अर्जाचा हक्क मिळतो, पण फाईल तुमच्या नावाची असते. पासपोर्ट, दाखले, परीक्षांचे निकाल, पगारपत्रकं, सगळं तुमच्या हाताशी ठेवा. स्वतःचं बँक खाते काढा. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला नोकरीची पूर्ण मुभा असते, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. माझा नवरा भला माणूस आहे, तरी माझी फाईल मीच लावते, आणि त्यालाही ते बरोबर वाटतं.

सगळ्यांचं नशीब तसं नसतं. एका मुलीला नवरा धमकी देत होता, "घटस्फोट घेतला तर तुला उद्या विमानात बसवतील." हे खोटं आहे. जर्मनीत तीन वर्षं संसार झाला असेल तर वेगळं झाल्यावरही राहण्याचा स्वतंत्र हक्क मिळतो. मारहाण, छळ असेल तर तीन वर्षं पूर्ण व्हायची अटही सोडता येते. स्त्रियांवरच्या हिंसेसाठीचा मदतीचा फोन ११६०१६ आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि दुभाषाही देतात. वेगळं झाल्यावर लग्नाच्या वाटेने नागरिकत्व मिळत नाही, पण पाच वर्षांची सर्वसाधारण वाट उघडी राहते.

सनद आणि सातबारा

जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही. हे ऐकून अनेकांना वाटतं, आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील. आपल्याला येत नाहीत. भारताच्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. तो क्षण म्हणजे सनद हातात देतात तो. आधी उभं राहून म्हणायचं असतं की मी मूलभूत कायद्याचा आणि देशाच्या कायद्यांचा आदर करीन आणि देशाला इजा होईल असं काही करणार नाही. मग सही होते आणि कागद हातात येतो. मला तेव्हा रडू आलं. आनंद होता, आणि आणखीही काही होतं.

त्या दिवसापासून भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. केला तर दंड होतो. आधी जर्मन ओळखपत्र आणि पासपोर्टचा अर्ज करा. पासपोर्टला ७० युरो लागतात आणि काही आठवडे जातात. मग भारतीय दूतावासाच्या सेवाकेंद्रातून जुना पासपोर्ट परत करायचा. तो रद्दचा शिक्का मारून परत देतात, सोबत सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे पासपोर्ट परत केल्याचा दाखला. ते मिळाल्यावर परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाचा अर्ज. शुल्क २७५ डॉलरइतकं. या सगळ्यात काही महिने गावी जाणं अवघड होतं. म्हणून सनदेची तारीख येते आहे असं दिसलं तेव्हा मी कार्यालयाला विनंती केली आणि २०२४ च्या सप्टेंबरात घरचा गणपती करून आले, मग ऑक्टोबरात सनद घेतली. तुमच्या घरी कुणी आजारी असेल तर हा विचार आधी करा. मध्येच निघायची वेळ आलीच, तर नव्या पासपोर्टवर ई-व्हिसा काढता येतो, पण त्यासाठी सरेंडर सर्टिफिकेट हाताशी असलेलं बरं.

ओसीआय म्हणजे आजन्म येण्याजाण्याची मुभा. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही. मतदार यादीतून नाव काढायला सात नंबरचा अर्ज स्वतःहून भरा. आणि आता सातबारा. बाबांना हीच काळजी होती की मुलगी परदेशी झाली म्हणजे जमिनीतला हिस्सा गेला. तसं नाही. वारशाने आलेली शेतजमीन ओसीआय कार्डधारकाला ठेवता येते. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत १९९४ पासून हक्क आहे, देशभर २००५ पासून, आणि नागरिकत्व बदलल्याने तो जात नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्राने घेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीय नागरिकालाही ती तशी घेता येत नाही, त्यामुळे या बाबतीत पासपोर्ट बदलून काही गमावलं असं होत नाही. फ्लॅट किंवा दुकान घ्यायला हरकत नसते. बँकेचं साधं बचत खातं अजून तसंच असेल तर ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांसाठीचं खातं, करून घ्या.

तुम्ही अजून भारतीय असाल आणि नोंदणी झालेल्या लग्नाला दोन वर्षं झाली असतील, तर नवऱ्यालाही ओसीआय मिळू शकतं. माझ्या नवऱ्याचं कार्ड माझ्या आधी आलं होतं. म्हणून २०२५ च्या मे महिन्यात मुंबई विमानतळावर तोच पुढे गेला, आणि आमच्या रांगेचा फलक कुठे आहे ते त्यानेच मला दाखवलं.